गोळ्यांची चकाकी

निवृत्त माणसानं वेळ कसा घालवावा, यावर सल्ला द्यायला सगळं जग टपलेलं असतं. कुणी म्हणतं फिरायला जा, कुणी म्हणतं झाडं लावा. 'बायकोच्या औषधाच्या गोळ्यांना घरी पॉलिश करत बसा' असं मात्र मला कुणीही सुचवलं नव्हतं. हे खूळ सर्वस्वी माझं. त्याचा अभिमान बाळगावा की लाज, हे अजून ठरायचंय, पण श्रेय दुसऱ्या कुणाला द्यायला मी तयार नाही. वरच्या मजल्यावरचे गाडीवाले तसा प्रयत्न करतात, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

सुरुवात केली औषधवाल्यानं. आमच्या हिला आकडी येते. आधी नुसती विसरायची, मग विसरण्याच्या पाठोपाठ आकडी आली. पाहुण्यानं यावं आणि येताना आपल्या मेव्हण्यालाही घेऊन यावं, तशी गत. आकडीवर एक पिवळी गोळी होती, रोज संध्याकाळी घ्यायची. गुळगुळीत, चकचकीत, बोटातून निसटून कपाटाखाली जाण्यात पटाईत. ती पोटात गेली की आकडी गप्प बसायची. तर एके दिवशी औषधवाल्यानं भलतीच गोळी पुढे केली. रंग पिवळाच, पण अवतार खडूसारखा.

"ती जुनी यायची बंद झाली, काका. आत औषध तेच आहे. फक्त वरची चकाकी नाही."

"चकाकी काय चाटायचीय?" मी ऐटीत म्हणालो.

माणूस ऐटीत जे बोलतो ना, ते त्याला पुढे व्याजासकट फेडावं लागतं. त्या संध्याकाळी हिनं ती गोळी तळहातावर घेतली, खिडकीपाशी नेली, उजेडात फिरवून पाहिली आणि टेबलाच्या डाव्या कडेला सरकवली.

"नापास," ती म्हणाली.

इथे सांगायला हवं की आमची ही गोळ्यांच्या कारखान्यात तपासनीस होती. औषधाच्या नव्हे, गोड गोळ्यांच्या. पट्ट्यावरून रंगीबेरंगी माल यायचा आणि ही टेबलाशी बसून निवाडा करायची. चकचकीत ती उजवीकडे, मळकट किंवा टवका उडालेली ती डावीकडे. हिच्या नजरेतून डागी गोळी सुटली असं एकदाही झालं नाही, असं तिथला मुकादम शपथेवर सांगायचा. आता ही लेकीचं नाव विसरली, चहा कसा करतात ते विसरली, आणि मी कोण हेही बहुतेक विसरली. डावं-उजवं मात्र पक्कं राहिलं.

मी कोण हे विसरली म्हणजे तसं बाहेरून काही कळायचं नाही. आयुष्यभर तिनं मला 'अहो' म्हटलं आणि आताही 'अहो'च म्हणते. आपल्याकडे नवऱ्याला आणि रस्ता विचारणाऱ्या परक्या गृहस्थाला एकच हाक असते, ही केवढी मोठी सोय आहे ते मला या वर्षी कळलं. फक्त पूर्वी त्या 'अहो'च्या मागोमाग एखादं काम तरी यायचं, नाहीतर रागावणं तरी यायचं. आता 'बसा ना' येतं.

असो. रडगाणं गायला मी बसलेलो नाही. मुद्दा गोळीचा आहे.

दुसऱ्या दिवशी मी गोळी दुधातून देऊन पाहिली. तिनं दूध प्यायलं आणि गोळी जिभेवरून काढून डावीकडे ठेवली. भातात लपवली, तर शितं बाजूला करून ती हुडकून काढली. फोडून द्यावी, तर डॉक्टरीणबाईंनी सक्त ताकीद दिलेली की ही गोळी अख्खीच पोटात जायला हवी. मग मी अक्कल लढवून गोळीला बोटानं थोडं तेल फासलं. चमकली की! तिनं ती हातात घेतली, हुंगली आणि माझ्याकडे असं पाहिलं की सरकारी नोकरीत कुणा वरिष्ठानं तसं पाहिलं असतं तर मी राजीनामा दिला असता.

"हे तेल कुणी लावलं? मुकादमाला सांगू का?"

"नको, नको," मी म्हणालो. स्वतःच्या स्वयंपाकघरात मी मुकादमाला घाबरलो.

तिसऱ्या दिवशी तिला आकडी आली. मोरीपाशी उभी होती, एकदम खाली गेली. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो, आणि ती थरथरत होती तेवढा वेळ मीही थरथरत होतो. ती शांत झाल्यावर कपाळाची खोक धुतली. डॉक्टरीणबाई आल्या, म्हणाल्या, "दुसरी औषधं यांना सोसत नाहीत, आपण करून पाहिलंय. हीच गोळी गेली पाहिजे. अशा आणखी दोन-चार आल्या, तर मी काही सांगू शकत नाही." त्या गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासली. घासलेलीच होती.

आकडीची बातमी सगळ्या जिन्याला लागली आणि सल्ले सुरू झाले. समोरच्या वहिनी म्हणाल्या, गोळीला मध लावा. लावला, मुंग्यांनी गोळी पास केली, हिनं नाही. लेक फोनवर म्हणाली, "बाबा, तुम्ही रागवत असाल तिच्यावर. प्रेमानं द्या." प्रेमानं! जसं काही मी गोळी बंदुकीतून झाडत होतो. शेवटी वरचे गाडीवाले आले. यांचं आडनाव-बिडनाव कुणाच्या लक्षात नाही. गृहस्थ दर सुट्टीला गाडी पुसतात, चालवत मात्र नाहीत, कारण चालवली की धूळ बसते. ते आले ते हातात एक चपटा डबा घेऊनच.

"हे घ्या. गाडीचं मेण. वहिनींच्या कारखान्यात हेच वापरत असणार."

"माझी बायको म्हणजे तुमचं बॉनेट आहे का हो?"

"रागावू नका. हे झाडाचं मेण आहे. ताडासारखं एक झाड असतं दूरदेशी. तिकडे ऊन फार, म्हणून पानातलं पाणी उडून जाऊ नये यासाठी झाड आपलं आपणच पानांवर मेण चढवतं. पानं वाळवायची, झोडपायची, भुकटी पडते ती वितळवायची. झालं मेण. तेच बुटाला, तेच गाडीला, तेच ओठांच्या लालीत, तेच दात कोरायच्या दोऱ्याला आणि तेच तुमच्या गोड गोळ्यांना."

हे सगळं त्यांनी डब्यावर वाचलेलं होतं, पण सांगितलं असं की जणू ते झाड यांच्याच मावशीच्या अंगणात आहे. मी शंका काढली की गाडीचं मेण खायचं असतं का. त्यावर या बहाद्दरानं बोटभर मेण उचलून जिभेवर ठेवलं आणि विजयी मुद्रेनं गिळलं. पुढचे दोन दिवस त्यांची गाडी पुसायची राहिली, कारण मालकाला एका विशिष्ट खोलीपासून फार दूर जाता येत नव्हतं. डब्यात मेणाबरोबर आणखीही बरंच काही असतं, हे ज्ञान आम्हाला असं प्राप्त झालं.

पण कल्पना डोक्यात घुसली ती घुसलीच. त्यानंतर मी बाजारात गेलो की मला जिथे तिथे मेण दिसे. सफरचंदं चमकली की मी दुकानदाराकडे संशयानं बघे. एका लग्नाळू मुलाचे बूट बघत मी इतका वेळ उभा राहिलो की त्यानं पाय मागे घेतले. डॉक्टरीणबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "खायच्या प्रतीचं शुद्ध मेण मिळत असेल आणि थर अगदी पातळ असेल, तर हरकत नाही. पण तुम्हाला जमेल?"

त्यांचं ते 'जमेल?' मला फार लागलं. पाणीपुरवठा कचेरीत वरिष्ठ कारकून म्हणून आयुष्य काढलेल्या माणसाला हा प्रश्न? लेकीनं तिच्या फोनवरून खायच्या मेणाची मागणी नोंदवली, आणि पार्सल यायच्या ऐवजी ते परदेशी मालाच्या तपासणीत अडकल्याचा निरोप आला.

पार्सल कचेरी कशी असते ते मी सांगायला नको. कचेऱ्या मला आतून ठाऊक. लोकांचे अर्ज परत पाठवण्यात माझा हात कुणी धरत नसे. पण खिडकीच्या आतल्या बाजूनं जग जेवढं शहाणं दिसतं, तेवढं बाहेरच्या बाजूनं दिसत नाही. आतल्या साहेबांनी माझी पिशवी दोन बोटांनी उचलली. पारदर्शक पिशवीत पिवळसर पापुद्रे.

"हे काय आहे?"

"मेण."

"कशाला हवंय?"

"बायकोच्या गोळ्यांना चकाकी आणायला."

रांगेतल्या माझ्या मागच्या बाईनं आपली पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली. खरं बोलण्याची ही जागा नव्हे, हे मी इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर विसरलो, म्हणजे विसरण्याचा रोग घरात पसरतो की काय, असं वाटून मला घाम फुटला.

मग सुरू झाली वर्गवारी. मेण झाडाचं, म्हणून वनस्पतींच्या खिडकीवर गेलो. तिथे म्हणाले, पानं कुठायत? पानं असती तर कीड तपासली असती. पानं नाहीत म्हणजे आमचं नाही. खाद्यपदार्थांच्या खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "हे तुम्ही ताटात वाढून खाणार का?" मी नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "मग खाद्य कसं?" औषधांच्या खिडकीवर विचारलं, यानं कोणता रोग बरा होतो? प्रसाधनांच्या खिडकीवरच्या गृहस्थांनी तर माझ्या चेहऱ्याकडे पाहूनच मान हलवली. शेवटी पहिल्याच साहेबांकडे परत. ते घरी निघायच्या घाईत होते.

"आजोबा, कशात तरी बसवायला हवं ना? बूटपॉलिशचा कच्चा माल लिहू?"

"लिहा," मी म्हणालो. माझा स्वाभिमान तिथेच खिडकीवर ठेवून आलो. अशा रीतीनं खायचं शुद्ध मेण 'खाण्यास अयोग्य' असा शिक्का मिरवत आमच्या घरी आलं.

आता मेण म्हटलं की मेणबत्तीसारखं मऊ असेल, अशी तुमची समजूत असेल तर ती सोडा. हे दगडाच्या जातीचं. झाडानं उन्हाशी भांडून केलेलं, ते काय मला दाद देणार? मिक्सरमध्ये घातलं तर मिक्सरनं अशी आरोळी ठोकली की समोरच्या वहिनी धावत आल्या. भुकटी झाली, मिक्सर गेला. कारखान्यात गोळ्या तिरक्या फिरत्या कढईत लोळवतात, मेणाची भुकटी टाकतात, आणि गोळ्या एकमेकींवर घासून घासून चमकतात. ही कधीतरी जेवताना सांगायची. मी पेपर वाचत ऐकायचो. फिरत्या कढईसाठी गाडीवाल्यांनी आपलं भोकं पाडायचं यंत्र आणलं. त्याच्या टोकाला स्टीलचा डबा बसवला, डबा जरा शेकला, आणि गोळ्या वाया जायला नकोत म्हणून आधी वाळलेले वाटाणे घातले.

"हळू सुरू करा हं," मी म्हणालो.

"मला शिकवू नका," गाडीवाले म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं.

झाकण छताला लागलं. वाटाणे खिडकीतून, दारातून, जिन्यावरून दशदिशांना गेले. तळमजल्यावरचे एक सद्गृहस्थ भाजीची पिशवी घेऊन वर येत होते, ते वाटाण्यांवरून पुन्हा खाली गेले. सुदैवानं बसूनच गेले. त्यानंतर कितीतरी दिवस ते मला जिन्यात भेटले की कठड्याला धरून उभे राहत. पण काय सांगू, जे वाटाणे डब्यात उरले होते, ते चमकत होते! मी आणि गाडीवाले, दोन टकले म्हातारे, जमिनीवर बसून वाटाणे उजेडात धरून बघत होतो, आणि दार उघडं होतं याचंही भान आम्हाला नव्हतं.

मग खऱ्या गोळ्या. डबा गरम, पण फार नाही. भुकटी चिमूटभर. यंत्र सगळ्यात हळू. गाडीवाले यंत्र धरून, मी डब्याशी कान लावून. बाहेर काढल्या तेव्हा त्यांच्यात खिडकीची चौकट दिसत होती. खोटं वाटेल, पण माझे डोळे भरून आले. गाडीवाले म्हणाले, मेणाचा वास डोळ्यांना झोंबतो. या मेणाला वास नसतो.

संध्याकाळी मी टेबलावर स्वच्छ फडकं अंथरलं आणि सगळ्या गोळ्या हिच्यापुढे ठेवल्या. गाडीवाले दाराआड उभे. हिनं पहिली उचलली, खिडकीकडे धरली, फिरवली.

"पास."

दाराआड कुणीतरी नाक शिंकरलं. दुसरी, पास. तिसरी, पास. एकेक उजवीकडे जात होती, तिचा हात पूर्वीसारखा भराभरा चालत होता, पाठ ताठ झाली होती. बऱ्याच दिवसांत ती इतकी छान दिसली नव्हती. सगळा माल उजवीकडे गेल्यावर मी पाण्याचा पेला पुढे केला. "आता एक घे बघू."

ती चपापली.

"छे! कामावर माल खायचा नसतो. नवीन आहात का तुम्ही?"

मी मटकन खाली बसलो. तोंडाशी आलेला घास असा माघारी गेला. मिक्सर गेला, अब्रू गेली, तळमजल्याशी वैर आलं, ते सगळं माल पास होण्यासाठी. आणि माल पास झाला म्हणूनच तो तिच्या पोटात जाणार नव्हता. मला हसू आलं आणि मग ते हसू काही थांबेना, आणि पुढे पुढे ते हसू राहिलं नाही. गाडीवाले हळूच दार लोटून गेले.

मी डोळे पुसून वर पाहिलं, तर ही इकडेतिकडे बघत होती. मग पटकन दोन गोळ्या उचलून तिनं रुमालात बांधल्या. डागी माल न सोडणारी माझी बायको चोरी करत होती.

"अहो, कुणाला सांगू नका हं," ती कुजबुजली. "घरी न्यायच्यात. आम्हाला नापास तेवढ्या न्यायला देतात. आमच्या ह्यांनी जन्मभर तुकडेच खाल्ले, कधी कुरकुर केली नाही. एकदा तरी चांगल्या देईन म्हणते."

तुकड्यांचं खरं होतं. मला वाटायचं, त्या गोळ्या तशाच असतात.

"आणि दोन कशाला?" मी कसंबसं विचारलं.

"एक त्यांची, एक माझी. एकट्यानं खातात होय?"

मग मला जे सुचलं, त्याचं श्रेय मात्र मी घेत नाही. ते कुठून आलं मला ठाऊक नाही. मी म्हणालो, "सुट्टी झाली. चला, तुम्हाला घरापर्यंत सोडतो." तिनं रुमाल मुठीत धरला. आम्ही दाराबाहेर पडलो, जिन्यानं एक मजला खाली गेलो, परत वर आलो आणि आमच्याच दारात उभे राहिलो. मी दार उघडून आधी आत शिरलो आणि वळून म्हणालो, "आलीस? आज उशीर झाला."

ती हसली. माझ्याकडे बघून, ओळखून हसली. "हात धुवा आणि डोळे मिटा," म्हणाली, "गंमत आणलीय." एक गोळी माझ्या तळहातावर आली. दुसरी तिनं तोंडात टाकली आणि वर घटाघट पाणी प्यायली. मी माझी गालात धरली. मेणामुळे ती कडू लागली नाही.

पुढे रोज हेच. संध्याकाळी तपासणी, मग सुट्टी, मग जिना, मग घर. माझ्या वाट्याची गोळी मी मागाहून पुसून डब्यात टाकायचो. आकडी थांबली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जमलं की तुम्हाला!" समोरच्या वहिनी आमच्याकडे बघून म्हणायच्या, या वयात रोज फिरायला जातात, किती छान. फिरणं एका मजल्याचं होतं, पण ते संपलं की घटकाभर मी तिचा नवरा असायचो. ती रागवायची सुद्धा, चपला नीट काढा म्हणून. एवढ्यासाठी मी दिवसभर संध्याकाळची वाट बघायचो. लेक म्हणाली, "बाबा, आवाज बरा येतोय तुमचा." मी म्हटलं, हवा बदललीय.

परवा आम्ही असेच खाली जाऊन वर आलो. मी आधी आत शिरलो, वळून म्हणालो, "आलीस? आज उशीर झाला."

"हो ना," ती म्हणाली आणि पाहुण्यासारखी खुर्चीच्या कडेवर बसली. रुमाल सोडला. एक गोळी तिनं तोंडात टाकली, पाणी प्यायली. व्यवस्थित गिळली, ते मी आधी बघतो. मी सवयीनं हात पुढे केला. ती त्या हाताकडे बघत राहिली, मग उरलेल्या गोळीकडे.

"ही कुणासाठी घेतली होती मी?"

"घरच्या माणसासाठी."

तिनं आठवायचा प्रयत्न केला. अगदी मनापासून केला, कपाळाला आठ्या घालून. मला वाटलं, सांगावं, ओरडून सांगावं. पण ओरडून सांगितलेलं कितीसं टिकतं, तेही मी करून पाहिलेलं आहे.

"नाही हो," ती म्हणाली. दुःखानं नाही, साधंच. "माझ्या घरी कुणी नाही. तुमच्या घरी आहे का कुणी?"

"आहे."

"मग ही तुम्ही न्या." तिनं गोळी माझ्या हातावर ठेवली आणि माझी बोटं मिटवली. "सांभाळून. चांगला माल आहे. आणि निघा आता, घरचं माणूस वाट बघत असेल."

मी बरं म्हणालो. चपला पायात घातल्या, दार ओढून घेतलं आणि बाहेर उभा राहिलो. गाडीवाले फडकं घेऊन खाली चालले होते. "किल्ली विसरलात की काय?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. ते गेल्यावर मी बेल वाजवली. आतून तिच्या पावलांचा आवाज दारापर्यंत आला.

"कोण आहे?" तिनं विचारलं.

मला काय सांगावं ते कळेना, म्हणून मी पुन्हा बेल वाजवली.